दोन बोटं वर

१

घर बदलायचं म्हटलं की काहीतरी फुटणार, हे धरूनच चालायचं. बशा फुटतात, आरसा तडकतो, एखाद्याचं बोट चेचतं. पण त्या दुपारी मागच्या खोलीत चक्क माणसाचं डोकं फुटलं. थोडंथोडकं नव्हे. कवटीचा मागचा भाग आत गेला होता आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं.

ठिणगी दारात उभी राहून ते बघत होती. ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिचा राग बघून भावंडांनी लहानपणी ठेवलेलं, धाकट्या भावानं सासरी येऊन फोडलेलं, आणि मग तिथंही चिकटलेलं. तिच्या तोंडाला कधी खीळ नसायची.

मेला तो या घराचा जुना मालक. सगळे त्याला म्हाताराच म्हणत, पण अंगानं असा दणकट की दोन हमालांना भारी पडावा. घर विकून झालं, किल्ल्या देऊन झाल्या, तरी मागच्या खोलीतली एक ट्रंक न्यायची राहिली म्हणून तो आज नेमका सामान उतरवायच्या दिवशी पुतण्याला घेऊन आला होता. आता तोच पुतण्या त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. शर्ट, हात, हनुवटी, सगळं लाल. ‘काका, ओ काका’ एवढंच त्याच्या तोंडून येत होतं.

दार त्यानंच फोडलं होतं. आधी त्याच्या हाका ऐकू आल्या होत्या, ‘काका, दार उघडा! काका!’ ठिणगी, तिच्या सासूबाई आणि सुतार असे तिघं बोळात धावले, तर पुतण्या दाराचं हँडल घट्ट धरून उभा. सुतार पुढं झाला, “सरका, मी बघतो.”

“आतून कडी आहे! बाजूला व्हा!” असं ओरडून पुतण्यानं खांद्याची धडक दिली. दुसऱ्या धडकेला दार धाडकन आत गेलं आणि त्याच्या मागोमाग तोही.

ठिणगीनं वर पाहिलं. चौकटीवरचा कोयंडा उखडून एकाच स्क्रूवर लोंबत होता. दारावरची कडी पुढं सरकवलेली होती. समोरची खिडकी सताड उघडी, आणि तिला गज नव्हते. जुने गंजलेले गज काल कापून नेले होते, नवे उद्या यायचे होते.

त्या खिडकीत परसातून एक चेहरा उगवला. तिचा नवरा. शाळेत मास्तर, घरीही मास्तर, आयुष्यात कुणाला टपली मारली नसेल असा माणूस. पाण्याच्या पंपाशी झटून घामाघूम झालेला.

“काय गं, कसला आरडाओरडा?” त्यानं विचारलं आणि हातातली वस्तू वर धरली. “आणि हा हातोडा कुणाचा? इथं गवतात पडला होता. काहीतरी चिकट लागलंय बघ याला.”

त्याचा पंजा मनगटापर्यंत लाल झाला होता.

२

खरं सांगायचं तर सकाळपासून त्या घरात रक्त निघतच होतं.

सुरुवात सासूबाईंच्या कपाटानं केली. ते कपाट म्हणजे एक स्वतंत्र घरच. बोळ अरुंद, त्यामुळे ते वळेना. हमालांनी डोकं चालवलं: आधी कपाटाचं नाक मागच्या खोलीत खुपसायचं, मग शेपूट वळवून शेजारच्या, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत ढकलायचं. त्यासाठी दोन्ही खोल्यांची दारं काढावी लागली. सुतारानं बिजागऱ्या सोडवून ती बोळातल्या भिंतीला एकाशेजारी एक टेकवून ठेवली. मग कपाट निघालं आणि वळणावर एका हमालाचं बोट कपाटाखाली आलं. नख उलटं झालं. त्यानं दुसऱ्याच्या थोबाडीत दिली, दुसऱ्यानं त्याचं नाक फोडलं, आणि बोळातल्या फरशीवर दोघांचं रक्त सांडलं. कपाट मधेच लटकलेलं. सासूबाई ओरडतायत, “अरे आधी कपाट ठेवा, मग मरा!”

कसंबसं ते आत गेलं. सुतार वैतागलेला होता, कारण स्वयंपाकघरातल्या फळ्या अजून बाकी होत्या. त्यानं घाईघाईत दोन्ही दारं पुन्हा चढवली आणि निघाला, तोच सासूबाईंनी बोलावून घेतलं.

“हे बघ. दार खाली घासतंय. आणि कडी लागतच नाही. कोयंडा कुठं, कडी कुठं! दोन बोटं वर जातेय. मी आतून बंद कशी करणार?”

“आजी, घर जुनं आहे. बसलं असेल थोडं.”

“घर बसलं म्हणे! तू उभा राहून नीट काम कर.” मग त्या दाराच्या आतल्या बाजूला वाकल्या. “आणि हे काय? खाली सगळे ओरखडे. रंगाखालूनसुद्धा दिसतायत. मेल्यांनी कुत्रं पाळलं होतं वाटतं. आणि खोलीला बाहेरून कडी कोण लावतं? ही बघ, बाहेरच्या अंगाला. रंग फासलाय नुसता वर.”

“उद्या करतो,” असं म्हणून सुतार सटकला. सासूबाई आपला तवा शोधायला खोक्यांकडे वळल्या. लोखंडी तवा कुठल्या खोक्यात गेला, या एका प्रश्नानं त्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं.

हे सगळं उरकल्यावर म्हातारा उगवला. हातात काठी, मागं पुतण्या. पुतण्या तिशीचा, खांद्यानं रुंद, पण काकासमोर मान खाली. म्हाताऱ्यानं आल्या आल्या तोंड सोडलं. भिंतींना हा कसला मेला रंग, माझे गज कापायला कुणाला विचारलं, तुम्ही माणसं आहात की माकडं. सुतारानं म्हटलं, “आता घर यांचं आहे ना बाबा?” तर त्याच्या कानशिलात अशी बसवली की तो भिंतीवर आदळला. पुतण्याच्या हातून एक गाठोडं पडलं. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर काठी घातली, एकदा नाही, तीन-चारदा, हमाल बघत असताना. पुतण्यानं गाठोडं उचललं आणि म्हणाला, “हो काका.”

तेव्हा मास्तरचं काय बिनसलं कुणास ठाऊक. तो पुढं गेला आणि त्यानं म्हाताऱ्याची कॉलर धरली. “पुन्हा हात उचलाल तर इथंच गाडीन तुम्हाला!”

मास्तर, आणि गाडीन! ठिणगीला वाटलं आपण स्वप्नात आहोत. खरं तर तिला नवऱ्याचा अभिमानच वाटला होता. ते वाक्य घरातल्या प्रत्येकानं ऐकलं होतं, आणि तासाभरात म्हातारा मेला होता.

३

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टर मॅडम चांगल्या जाडजूड होत्या आणि गुडघ्यांनी त्यांना छळलं होतं. घरात खुर्ची मोकळी नव्हती, म्हणून त्या दिसेल त्या खोक्यावर बसल्या. आतून कर्र असा आवाज आला.

“काचेचं होतं,” ठिणगी म्हणाली.

“आता नाही,” मॅडम म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. “हं, सुताराला बोलवा.”

सुताराचा गाल अजून सुजलेला होता. हातोडा आपलाच, हे त्यानं एका दमात कबूल केलं. “दोन असतात माझ्याकडे. एक मागच्या खोलीच्या खिडकीत विसरलो, दार चढवल्यावर. दुसऱ्यानं स्वयंपाकघरात फळ्या ठोकत होतो. आजींना विचारा.”

“त्यानं मारलं तेव्हा राग आला?”

“आला ना! पण मॅडम, राग आला म्हणून डोकी फोडायची, तर आमच्या धंद्यात रोज एक गिऱ्हाईक मरेल.”

सासूबाईंनी त्याला दुजोरा दिला. “ठोकत होता. मी तवा शोधत होते. घरभर नुसती ठोकाठोकी. त्यात मागच्या खोलीत कुणी काय ठोकलं, कसं कळणार? आणि माझ्या मुलानं हे केलेलं नाही, लिहून घ्या. त्याला झुरळ मारायला मला बोलवावं लागतं.”

“पण गाडीन असं म्हणाला होता.”

“म्हणाला. मी म्हणते तवा मिळाला नाही तर जीव देईन. दिला का?”

मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला, पण डोळे हलले नाहीत. त्यांनी पुतण्याला बोलावलं.

त्यानं तोंड धुतलं होतं. शर्टावरचं रक्त वाळून काळं पडत चाललं होतं. तो खाली बघत, हळू आवाजात बोलत होता. “मी गाठोडं टेंपोत ठेवायला गेलो होतो. काका म्हणाले, मी ट्रंक आवरतो. परत आलो तर दार बंद. हाका मारल्या. उत्तर नाही. ढकललं तर आतून कडी. मग काळजात चर्र झालं.”

“लहानपणापासून इथंच?”

“आईवडील गेल्यापासून. काकांनीच वाढवलं.”

“मागच्या अंगानं कुणी आलं तर कळायला कुत्रंबित्रं होतं का तेव्हा?”

“छे. या घरात कधी मांजरसुद्धा आलं नाही. जनावराचा वास आला तरी काका पेटायचे.” मग त्यानं मान वर करून ठिणगीकडे पाहिलं. डोळे ओले होते. “मास्तर चांगले आहेत हो. माझ्यासाठीच भांडले ते. माणसाचा तोल जातो कधी कधी. माझा त्यांच्यावर राग नाही.”

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढं झाली, पण हवालदारानं तिचा दंड धरला.

४

“मास्तर,” मॅडम म्हणाल्या, “मी दमलेय आणि माझे गुडघे दुखतायत, तेव्हा सरळ बोलते. दार आतून बंद होतं. म्हणजे मारणारा खिडकीतून बाहेर गेला. परसाला दुसरी वाट नाही, मागं उंच भिंत आहे, वर काचा लावलेल्या. परसात कोण होतं? तुम्ही. हातात काय? हातोडा. घरातले बाकी सगळे दाराच्या अलीकडे होते, तुम्ही एकटे पलीकडे. आता तुम्हीच सांगा मी काय समजू.”

मास्तर पंचाईत झालेल्या मुलासारखा उभा होता. “हातोडा गवतात पडला होता. कुणाच्या पायाला लागेल म्हणून उचलला.”

“रक्त दिसलं नाही?”

“मला वाटलं रंग असेल. घरभर रंगच आहे ना.”

खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी यापेक्षा बरं सुचलं असतं माणसाला! ठिणगीला रडू फुटलं. अठरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून या माणसानं हे घर घेतलं होतं, आणि पहिल्याच दिवशी त्याला इथून बेड्या घालून नेणार. पुढं फाशी, नाहीतर जन्मठेप. तिनं मॅडमचा हात धरला. “त्याला नेऊ नका. त्यानं नाही केलं. मी सांगते ना!”

“बाई, प्रत्येक बायको सांगते. मला दार सांगतंय ते मी ऐकते.” मॅडमनी हात सोडवला, पण झटकला नाही. “गाडी येतेय. तोवर त्यांचे कपडे द्या.”

कपडे! कुठल्या खोक्यात कपडे, कुठल्यात भांडी, कुणाला ठाऊक. ठिणगी डोळे पुसत बोळात आली. मागच्या खोलीसमोर हवालदार उभा होता. प्रेत नेलं होतं, दार अर्धवट उघडं होतं. वाऱ्यानं ते हलकेच आपटत होतं. पुढं, मागं. खालून चांगली फट दिसत होती.

“हे दार किती ढिलं आहे,” ती सहज बोलून गेली. शेजारी सासूबाईंच्या खोलीचं दार उघडताना मात्र तिला जोर लावावा लागला. ते फरशीवर करकरत गेलं.

ती थबकली.

हवालदाराची परवानगी न विचारता तिनं मागच्या खोलीच्या चौकटीकडे पाहिलं. लोंबणारा कोयंडा तिनं बोटानं उचलून त्याच्या जागी धरला. मग दार जवळ ओढलं. दारावरची कडी कोयंड्याच्या खाली गेली. चांगली दोन बोटं खाली.

“अहो बाई, हात लावू नका!” हवालदार खेकसला.

“नाही लावत,” ठिणगी म्हणाली. बोळाच्या तोंडाशी पुतण्या उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, पण तिनं पाहिलं तशी त्यानं मान खाली घातली.

५

सासूबाईंच्या खोलीत शिरून ती गुडघ्यांवर बसली. दाराच्या आतल्या बाजूला, अगदी खाली, ते ओरखडे होते. रंगाच्या दोन थरांखालूनही जाणवत होते. तिनं बोटं फिरवली. चार चार रेघा, शेजारीशेजारी, बारीक. कुत्र्याची नखंच ती, असं सकाळी सगळ्यांनी मानलं होतं. पण या घरात कुत्रं कधी आलंच नव्हतं. पुतण्याच म्हणाला होता.

तिनं स्वतःची चार बोटं त्या रेघांवर ठेवली. तिच्या बोटांच्या मानानं रेघा जवळजवळ होत्या. लहान पंजाच्या.

“अरे देवा,” ती पुटपुटली.

बाहेर अंगणात गाडीचा आवाज आला. सगळे तिकडे धावले असावेत, हवालदारही गेला, कारण बोळ एकदम शांत झाला. मग तिच्या पाठीमागं दार फरशीवर करकरलं.

पुतण्या आत आला. त्यानं दार रेटून बंद केलं आणि तिच्याकडे बघत, मागं न वळता हात वर नेऊन कडी सरकवली. कडी लाकडावर खट्कन आपटली. त्यानं पुन्हा सरकवली. पुन्हा खट्.

“नाही लागायची ती,” ठिणगी उठून भिंतीला टेकत म्हणाली. “सकाळपासून लागत नाही. दोन बोटं वर आहे.”

त्यानं वळून कडीकडे पाहिलं. मग कोयंड्याकडे. मग त्याची नजर खाली, खाली, ओरखड्यांपर्यंत गेली, आणि त्याच्या तोंडाचा रंग उडाला.

“हे दार इथं कसं?” त्यानं विचारलं. आवाज एखाद्या पोरासारखा आला.

“कपाट नेताना दोन्ही दारं काढली होती. सुतारानं घाईत अदलाबदल केली. तुम्ही आलात तेव्हा ती चढवून झाली होती. मागच्या खोलीला आता या खोलीचं दार आहे, आणि त्याची कडी तिथं बसूच शकत नाही. आतून कडी लागलीच नव्हती. मग ‘आतून कडी आहे’ असं तुम्ही कशावरून म्हणालात?”

तिनं हे बोलायला नको होतं. पण नाव उगाच ठिणगी नव्हतं.

खोक्यांना बांधलेली नायलॉनची दोरी कोपऱ्यात पडली होती. त्यानं ती उचलली आणि तिला किंचाळायलाही वेळ मिळाला नाही. दोरी गळ्याभोवती आली, आवळली. तिनं मागं लाथ मारली, ती कपाटाच्या आरशाला लागली आणि आरसा खळ्ळकन फुटून दोघांच्या अंगावर आला. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात हाडापर्यंत रुतले, तोंडात खारट रक्त आलं. त्यानं तिचं डोकं कपाटावर आपटलं. एकदा. परत एकदा. डोळ्यांपुढं काजवे नाचायला लागले, कानात शिट्टी वाजायला लागली, आणि तिला एकच विचार आला, की आता मास्तरला कोण सोडवणार.

तेवढ्यात दार करकरलं.

“सापडला गं बाई एकदाचा!” म्हणत सासूबाई आत आल्या. हातात तवा होता.

त्यांनी समोरचं पाहिलं. काय, कुणी, कशाला, असलं काही त्या विचारत बसल्या नाहीत. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि पुतण्याच्या डोक्यात घातला. तव्याचा असा आवाज झाला की अंगणातले पोलीस आत पळत आले.

६

पुतण्याला भिंतीशी बसवून बेड्या घातल्या तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. ठिणगीच्या गळ्यावर जांभळा वळ उठला होता. बोलताना घसा चिरत होता, तरी ती बोललीच. मॅडम या वेळी खोक्यावर बसल्या नाहीत, उभ्या राहून ऐकत होत्या. मास्तर बायकोचा हात धरून होता.

“तुम्ही म्हणालात मला दार सांगतंय ते ऐकते,” ठिणगी म्हणाली. “दार खोटं बोलत होतं मॅडम. म्हणजे दाराला कुणीतरी खोटं बोलायला लावलं होतं. कोयंडा धडकेनं उखडलाच नाही, कारण कडी त्यात शिरतच नाही. तो आधीच हातोड्याच्या मागच्या बाजूनं उचकटून ठेवला. कडी नुसती पुढं सरकवली. हातोडा खिडकीबाहेर फेकला, परसात मास्तर होता म्हणून. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं. पण हे दार ढिलं आहे, सोडलं की उघडतं. म्हणून आम्ही आलो तेव्हा हा हँडल घट्ट धरून उभा होता. सुतार मदतीला पुढं झाला, तर त्याला हात लावू दिला नाही. त्या दाराला त्याच्याशिवाय कुणीच हात लावला नाही.”

“आणि कपड्यांवरचं रक्त?”

“म्हणून तर आत शिरताच प्रेताला कवटाळलं. आधीचं आणि नंतरचं, सगळं एकच झालं.”

मॅडम लंगडत बोळात गेल्या. मागच्या खोलीची चौकट बाहेरून बघितली आणि तिथूनच ओरडल्या, “इथं बाहेरच्या अंगालाही एक कोयंडा आहे! पण दाराला बाहेरून कडीच नाही.”

“ती इथं आहे,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या दारावर. सकाळीच म्हटलं, खोलीला बाहेरून कडी कोण लावतं.”

सुतार दाराशी उभा होता. तो एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. “दोन्हींना एकच रंग दिला होता हो,” तो स्वतःशीच म्हणाला.

मॅडम परत आल्या. “तू या घरात वाढलास,” त्या पुतण्याला म्हणाल्या. “दार बदललंय हे तुला दिसलं नाही?”

पुतण्या हसला. त्याचे दात लाल झाले होते. “त्या दाराकडे मी कधी वर मान करून पाहिलंच नाही. आत जाताना मान खाली, बाहेर येताना मान खाली. कडीचा आवाज मात्र पाठ होता.”

७

मग त्यानं सांगितलं. कुणी विचारलं म्हणून नाही, आपण होऊन.

काही चुकलं की काका त्याला त्या खोलीत घालायचा. आधी काठी, मग बाहेरून कडी. किती वेळ ते काकाच्या मनावर. अंधार झाला की तो दाराखालच्या फटीशी झोपायचा, कारण तिथून बोळातला उजेड दिसायचा. नखं तुटेपर्यंत खरडायचा. मोठा झाल्यावर कोंडणं थांबलं, काठी थांबली नाही.

“आज ट्रंक आवरताना ते हसून म्हणाले, जा, तुझ्या कोपऱ्यात उभा राहा, शेवटचं एकदा बघू दे. आणि मी गेलो. मी, एवढा मोठा घोडा, कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो!” त्याचा आवाज चिरकला. “खिडकीत हातोडा होता. ते ट्रंकेवर वाकले. ट्रंक गेली की ती खोली कायमची तुमची झाली असती. मग मी कुठं मारलं असतं त्यांना? त्याच खोलीत मारायचं होतं मला.”

“आणि मास्तरला का अडकवलंस?” मॅडमनी विचारलं. “तुझ्यासाठी भांडलेला एकटा माणूस तो.”

पुतण्यानं मास्तरकडे पाहिलं. “कुणीतरी लागणारच होतं. मला वाईट वाटलं असतं. पण मी राहिलो असतो बाहेर.”

ठिणगीला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याचा गळा धरावासा वाटला. दोन्ही खरं होतं. ती काहीच करू शकली नाही.

नेताना तो दारापाशी अडला. मॅडमनी हवालदाराला थांबायची खूण केली. तो खाली बसला आणि बेड्या घातलेले हात ओरखड्यांवर टेकवले. त्याची जाड बोटं त्या रेघांत मावेनात. सरकवून बघितली, तरी मावेनात. मग तो उठला आणि मान खाली घालून बोळातून निघून गेला.

गाडी गेली. मास्तर पायरीवर बसला आणि तोंड झाकून हमसून हमसून रडला. ठिणगी त्याच्या शेजारी बसली. “मी त्याला वाचवायला गेलो होतो गं,” तो म्हणाला. तिनं त्याचं डोकं खांद्यावर घेतलं, तर मानेवरच्या वळानं कळ मस्तकात गेली, पण ती हलली नाही.

सुतार खाकरला. “वहिनी, दारं परत जागच्या जागी लावून देतो. दोन्ही कड्या नीट बसतील.”

“नको,” ठिणगी उठत म्हणाली. “स्क्रू ड्रायव्हर दे.”

तिनं स्वतः सासूबाईंच्या दारावरची बाहेरची कडी काढायला घेतली. रंग गच्च बसला होता, स्क्रू फिरेना. तिनं रंग खरवडला, तळहाताला फोड आला, तरी सोडलं नाही. शेवटी कडी सुटून हातात आली. रंगाचा पापुद्रा निघाला तसं खालचं लोखंड दिसलं. दुसऱ्या कुठल्याही कडीला गंज असता. ही वापरून वापरून गुळगुळीत झाली होती.

तिनं ती सासूबाईंच्या हातात दिली. सासूबाईंनी तवा खाली ठेवला. सकाळपासून ज्या बाईनं क्षणभर तोंड मिटलं नव्हतं, ती त्या कडीवरून अंगठा फिरवत उभी राहिली.